पन्नासच्या वेगाचा आवाज

“तुझं वजन किती आहे गं?” रविवारी सकाळी निरीक्षकांनी बायकोला विचारलं.

बाई चहा पीत होत्या. त्यांनी कप बशीत ठेवला. नवऱ्याने बायकोला काय काय विचारू नये याचे नियम कोणी छापलेले नाहीत. छापले असते तर हा प्रश्न पहिल्याच पानावर आला असता.

“कशाला?”

“पोतं भरायचंय. वाळूचं.”

“माझ्या वजनाचं?”

“बरोब्बर तुझ्या वजनाचं. कमी नको, जास्त नको.”

“अंदाजे सांगितलं तर चालेल?”

“अंदाजे कशाला? काटा आणलाय ना. शिक्का मारलेला आहे.”

निरीक्षक वजनमापे खात्यात होते. दुकानदारांचे तराजू तपासण्यात त्यांचं उभं आयुष्य गेलं होतं, आणि ‘अंदाजे’ हा शब्द कानावर पडला की त्यांना शिंक येऊन अडकल्यासारखं व्हायचं. त्यांच्या पत्नी शाळेत भूगोल शिकवायच्या. सगळी वस्ती त्यांना ‘बाई’ म्हणायची, आणि चारचौघांत निरीक्षकही. बाईंना जगातले सगळे वारे, प्रवाह आणि सामुद्रधुन्या तोंडपाठ होत्या. प्रत्यक्षात मात्र त्या शाळा आणि घर यांच्यामध्ये वाहत होत्या.

बाई काट्यावर उभ्या राहिल्या नाहीत. आत जाता जाता एक आकडा तेवढा बोलल्या. निरीक्षकांनी तो आकडा मान खाली घालून ऐकला, खाली जाऊन पोतं भरलं, आणि भरताना स्वतःच्या जबाबदारीवर आणखी थोडी वाळू घातली. किती, ते त्यांनी आजपर्यंत कोणालाही सांगितलेलं नाही.

भानगड मुळात आवाजाची होती.

निरीक्षकांची मोटरसायकल त्यांच्या लग्नाच्याही आधीची. काळी, एका सिलिंडरची, किक मारून सुरू होणारी. अंगावर शोभेचा म्हणून एकही पत्रा नाही. लग्नाच्या पहिल्या वर्षी ह्याच गाडीवरून दोघं दीपगृह बघायला गेले होते. जमिनीची एक लांब जीभ समुद्रात गेली आहे आणि तिच्या टोकावर ते दीपगृह आहे. दिवसभर गाडी हाणून तिथे पोचले, तर आत रंगकाम चाललेलं. “पुढच्या वेळी या,” रखवालदार म्हणाला. त्यावर नवी नवरी हसली होती, कारण पुढची वेळ म्हणजे पुढचा महिना, फार तर पुढचं वर्ष, अशी तिची समजूत होती.

पुढची वेळ काही आली नाही. बदल्या झाल्या, मुलगी झाली, मुलीच्या परीक्षा झाल्या, मुलगी परगावी नोकरीला गेली. पण खरं कारण होती गाडीच. दर वर्षी शाळेला सुट्टी लागली की निरीक्षक म्हणायचे, ह्या वर्षी नक्की. आणि लांबचा प्रवास आहे, आधी एकदा नीट बघून घेऊ म्हणून गाडी खोलायचे. जुनी गाडी खोलली की काही ना काही सापडतंच. ते दुरुस्त करताना त्याच्या शेजारचं सापडायचं. गाडी जोडून पुन्हा उभी राहीपर्यंत शाळा उघडलेली असायची. अशा रीतीने ती मोटरसायकल पंचक्रोशीतली सर्वांत उत्तम स्थितीतली जुनी मोटरसायकल झाली होती, आणि बाजारापलीकडे गेली नव्हती.

ह्या वर्षी मात्र निरीक्षकांनी सुट्टी लागायच्या आधीच सगळं उरकलं. बाईंनी बॅग भरून दाराशी ठेवली. निघायच्या आदल्या दिवशी चाचणी म्हणून दोघं गावाबाहेर पाण्याच्या टाकीपर्यंत गेले. वस्ती संपली, सपाट रस्ता लागला, गाडी चौथ्या गिअरमध्ये पन्नासवर आली, आणि मागून कुठून तरी आवाज आला. टिक्. टिक् टिक्. टिक्.

“ऐकलंस?” निरीक्षकांनी मान वळवून विचारलं.

“काय?” बाई हेल्मेटमधून ओरडल्या.

निरीक्षकांनी गाडी बाजूला घेतली. आवाज बंद. इंजिन चालू ठेवून कान लावला. काही नाही. पुन्हा निघाले, पन्नासवर आले, थोडा वेळ गेला. टिक् टिक्. टिक्.

दीपगृह पुढे ढकलण्यात आलं.

नेहमीच्या मिस्त्रीने गाडीभोवती एक फेरी मारली. ह्या मिस्त्रीचा स्वभाव असा की तो गिऱ्हाइकाचं मन कधी मोडत नसे.

“इंजिनातल्या टॅपेटचा असेल का?” निरीक्षकांनी विचारलं.

“असेल.”

“पण टॅपेटचा असता तर मी एकटा असतानाही आला असता. चेन असेल.”

“चेनच असेल.”

“चेन नवी आहे.”

“मग नसेल साहेब.”

तेव्हा शास्त्रीय पद्धतीने जायचं ठरलं. निरीक्षकांना एवढं उमगलं होतं, की आवाज गावात येत नाही, सपाट रस्त्यावर येतो. एकटं असताना येत नाही, मागे बाई असताना येतो. म्हणजे दोष वजन पडल्यावरच बोलतो. म्हणून ते पोतं.

पोतं मागच्या सीटवर दोरीने घट्ट बांधलं. हेल्मेटचंही वजन धरायला हवं म्हणून वर बाईंचं हेल्मेट चढवलं. वाळू सांडू नये म्हणून बाईंचा जुना रेनकोट गुंडाळला. फाटकातून बाहेर पडताना वॉचमनने उठून पोत्याला नमस्कार केला आणि पोत्याने तो घेतला नाही.

“बाईंचं काही बिनसलंय का?” त्याने निरीक्षकांना हळूच विचारलं.

हे सगळं बाईंनी गॅलरीतून पाहिलं.

टाकीपर्यंत जाऊन येईतो आवाज आला नाही. मग मेहुण्याला बोलावलं. बाईंच्या ह्या धाकट्या भावाचा गाद्यांचा कारखाना होता, आणि माणसाने आयुष्यात कुठेही टेकताना खाली काहीतरी मऊ असावं, यावर त्याची श्रद्धा होती. तो मोटरसायकलवर बसला तो चेहऱ्यावर उपकार घेऊनच. निरीक्षकांच्या खांद्याला धरून तो जाताना आणि येताना अखंड बोलत राहिला, त्यामुळे आवाज आला किंवा कसे हे शेवटपर्यंत कळलं नाही.

“नसेल आला,” निरीक्षकांनी टिपण केलं.

“भाऊजी, मी काय म्हणतो,” कंबर चोळत मेहुणा म्हणाला, “माझी कार आहे. दीपगृहच बघायचंय ना ताईला? दुपारच्या आत नेऊन उभी करतो. मागे गिरद्या आहेत, एसी आहे. तुम्हीपण या. पुढे बसा.”

निरीक्षकांनी मानेनेच नाही म्हटलं. बाईंना दीपगृह दाखवायचं ते ह्या गाडीवरून, एवढं एकच काम त्यांच्या डोक्यात इतकी वर्षं शिल्लक होतं. ते पार पाडायला त्यांना जमलेलं नव्हतं ही गोष्ट वेगळी. पण मेहुण्याने गिरद्या लावून ते उरकावं, हे त्यांच्या कुठल्याच मापात बसत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा बाईंना मागे बसवलं.

“बोलू नकोस, हलू नकोस. नुसती ऐक. कुठून येतो ते सांग.”

बाई परीक्षेला बसल्यासारख्या ताठ बसल्या. टाकीपर्यंत काही नाही. टाकीशी निरीक्षक म्हणाले, “झालं. आता बस मोकळी.” परत निघाले, रस्त्याकडेच्या झाडांतून वारा लागायला लागला, आणि अर्ध्या वाटेत, टिक्. टिक् टिक्.

“फक्त येताना येतो,” निरीक्षक घरी येऊन म्हणाले. “रस्त्याला उतार असणार.”

“म्हणजे वाळू बसली की येत नाही,” बाई म्हणाल्या, “माझा भाऊ बसला की येत नाही. मी बसले की येतो.”

“असं दिसतंय खरं.”

“म्हणजे खोट माझ्यात आहे.”

ह्या ठिकाणी कोणत्याही नवऱ्याने ताबडतोब ‘छे’ म्हणायचं असतं. निरीक्षकांनी विचार केला.

“तशी शक्यता अगदीच नाकारता येत नाही,” ते म्हणाले. “तू बसतेस जरा एका अंगाला झुकून. भार डावीकडे जातो.”

बाई दोन दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत. त्या शांततेत निरीक्षकांनी मागचं चाक काढलं. बेअरिंग बघितली, चांगली निघाली. मग शॉकअप काढले, तेही चांगले निघाले. सायलेन्सर तेवढा राहिला होता, म्हणून तो काढला. बाहेर धूळ फार म्हणून सगळं बैठकीत आणून वर्तमानपत्रांवर मांडलं. पाहुणा आला की त्याला चाक ओलांडून खुर्चीकडे जावं लागे; एकाने कुठे टेकावं ते न कळून सायलेन्सरशी मांडी घालून चहा घेतला.

दाराशी भरलेली बॅग होतीच. बाईंना एक दिवस कंगवा लागला, तो त्यांनी बॅगेतून काढला. मग टॉवेल लागला. मग वाचायचा चष्मा, मग मोजे, मग डोकेदुखीच्या गोळ्या. एकेक वस्तू परत आपापल्या फडताळात गेली. निरीक्षक जमिनीवर बसून नट पुसत असायचे, आणि त्यांच्या डोक्यावरून हा उलटा प्रवास चाललेला असायचा. एकदा त्यांनी बॅग सरकवायला उचलली तर ती हातात इतकी हलकी आली की त्यांचा तोल गेला.

सुट्टीचा शेवटचा आठवडा आला. बाई बैठकीच्या दारात उभ्या राहिल्या. पुढे यायला जागाच नव्हती.

“शनिवारी मी दीपगृहाला जाणार आहे,” त्या म्हणाल्या. “कशावर बसून जायचं ते तुम्ही ठरवा. शुक्रवारपर्यंत ही गाडी गाडीसारखी दिसली तर हिच्यावर. नाहीतर भावाला सांगते. त्याच्या कारची टाकी भरलेली आहे.”

“अगं, पण आवाज…”

“आवाजाचं मला काही सांगू नका. मी आहे तशी बसणार.”

निरीक्षकांनी इतक्या वेगाने गाडी कधी जोडली नव्हती. शुक्रवारी सकाळी ती उभी राहिली, पहिल्या किकला सुरू झाली. शेवटची चाचणी म्हणून मेहुण्याला कारने मागून यायला सांगितलं. मागचं चाक कुठे झोल खातं का, एवढंच त्याने बघायचं होतं.

बाई मागे बसल्या, आणि पन्नासच्या वेगाला, सपाट रस्त्यावर आवाज आलाच. टिक् टिक्. टिक्. निरीक्षकांचा चेहरा हेल्मेटमध्ये उतरला. पाण्याच्या टाकीशी त्यांनी गाडी थांबवली. मागे मेहुण्याची कार थांबली आणि तो दार उघडून बाहेर आला तो पोट धरूनच. बोलता येईना म्हणून तो रस्त्याकडेच्या कठड्यावर बसला. कठडा दगडी होता, तरी बसला.

“सापडलं, भाऊजी.”

“चाक?”

“ताई.”

“नीट सांग.”

“अहो, वेग लागला की आधी हिचं हेल्मेट डोलायला लागतं. मग हिचा उजवा हात. त्या सीटच्या दांडीला धरलेलं असतं ना, त्याच्यावर अंगठी. अशी.” आणि त्याने कारच्या बॉनेटवर किल्लीने वाजवून दाखवलं. टिक्. टिक् टिक्. टिक्. “गाणं म्हणतेय ही मागे बसून. आणि तुम्ही बेअरिंगं काढताय.”

बाईंनी स्वतःच्या हाताकडे पाहिलं. वर्गात शेवटच्या बाकावर काहीतरी करताना एखादा सापडावा, तसं त्या हाताकडे पाहिलं.

“मला माहीतच नव्हतं,” त्या म्हणाल्या. त्यांचे कान लाल झाले होते.

“कोणतं गाणं?” निरीक्षकांनी विचारलं.

पण मेहुणा पुन्हा हसायला लागला होता, आणि त्या हसण्यात हा प्रश्न कोणाला ऐकू गेला नाही.

परत येताना निरीक्षकांना एकदम आठवलं. पहिल्या वेळी हेल्मेटं नव्हती. बाईंची हनुवटी त्यांच्या खांद्यावर असायची आणि गाणं सरळ कानात यायचं. शब्द अर्धे वाऱ्यावर जायचे, पण चाल पोचायची. अंगठी तेव्हाही वाजत असणार. गाणं ऐकू येत होतं म्हणून ती कधी ऐकू आली नसेल, एवढंच. मग हेल्मेटं आली, गाणं आत अडकलं, आणि बाहेर उरलं ते टिक् टिक्. तेच मोडून काढायला ते महिनाभर पाने घेऊन बसले होते.

घरी आल्यावर बाई चप्पल काढता काढता म्हणाल्या, “माझ्या एका बोटासाठी तुम्ही अख्खी गाडी खोललीत.”

“मला तरी कुठे ठाऊक होतं.”

“असो. आता नाही वाजणार.”

“तसं नाही गं…”

“नाही, तुम्हाला त्रास होतो ना. उद्या हात मांडीवर ठेवीन.”

शनिवारी निघाले. बॅग पुन्हा भरली होती, आधीपेक्षा कमी. बाई मागे बसल्या. डावा हात निरीक्षकांच्या खांद्यावर, उजवा मांडीवर, मूठ मिटलेली. बसताना निरीक्षकांनी पाहिलं, बोटावर अंगठीच्या जागी नुसता फिकट पट्टा होता.

“अंगठी?”

“पर्समध्ये. कशाला उगीच.”

गाडी आयुष्यात इतकी सुरेख कधी चालली नव्हती. इंजिनाचा ठोका गोल आणि भरदार येत होता, ब्रेक जिथल्या तिथे लागत होते. वस्ती संपली, पाण्याची टाकी मागे गेली, शेतं लागली. पन्नास. सपाट रस्ता. निरीक्षक कान देऊन बसले. काही नाही. पंचावन्न केले, पंचेचाळीस केले, पुन्हा पन्नास केले. मागे वाळूचं पोतं असावं तशी शांतता.

एका ठिकाणी रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी उंच झाडं होती आणि वारा इतका छान लागत होता, की इथे तरी नक्की, असं निरीक्षकांना वाटलं. तेही कोरडं गेलं. पुढे एका वळणावर त्यांनी गाडी गुपचूप वळवली, थोडं मागे नेली, आणि तोच तुकडा पुन्हा घेतला.

“अहो,” मागून आवाज आला, “हे झाड मघाशी गेलं.”

“दुसरं असेल.”

“मी भूगोल शिकवते.”

निरीक्षक पुढे बघून गाडी हाकत राहिले. थोड्या वेळाने, कोणी नवीन ओळख काढावी तसे, मान किंचित वळवून म्हणाले, “गाणं म्हण की एखादं.”

“आता?”

“हो, सहज.”

“सांगितल्यावर येतं का तसं? काही आठवत नाहीये.”

पुढचा बराच रस्ता असाच गेला. सगळं मनासारखं चालणाऱ्या गाडीवर बसून एवढं उदास होता येतं, हे निरीक्षकांना नवीन होतं. आपण हिला दीपगृहाला नेतोय की जप्त केलेल्या तराजूसारखी जमा करायला नेतोय, असं त्यांना वाटून गेलं. मेहुण्याच्या कारमध्ये निदान ती त्याच्याशी भांडली असती.

चहाच्या टपरीवर थांबले. बाई तोंड धुवायला टपरीमागच्या नळाकडे गेल्या. निरीक्षक गाडीजवळ उभे राहिले. त्यांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, टूलबॉक्समधून पाना काढला आणि बाजूच्या पत्र्याच्या झाकणाला धरणाऱ्या नटाला लावला. आयुष्यभर त्या हाताने नट सैल केले होते ते पुन्हा आवळण्यासाठीच. नुसताच सैल करून सोडताना मनगट बिचकलं. अर्धा आटा सैल केला. मग चहा आला, तो एका घोटात संपवून आणखी अर्धा केला.

“काय करताय?” बाई रुमालाने तोंड पुसत आल्या.

“काही नाही. बघत होतो.”

“आता तरी नका बघू.”

निघाले. समुद्र अजून दिसत नव्हता, पण हवा जड आणि खारट व्हायला लागली होती. पन्नासला काटा आला आणि पायाशी सुरू झालं. खट्. खट् खट् खट्.

खांद्यावरचा हात ताठ झाला.

“हा मी नाही हं,” बाई म्हणाल्या.

“माहितीये.”

“माझे दोन्ही हात इथे आहेत.”

“हो, माहितीये.”

“मग थांबा ना. बघा काय ते.”

“असू दे. वाजतंय तर वाजू दे.”

 बाईंनी पुढे वाकून हेल्मेटला हेल्मेट टेकवलं. “अहो, तुम्हाला बरं वाटतंय ना?”

“उत्तम.”

“मग थोडं जोरात तरी घ्या. ह्या वेगाने पोचायला संध्याकाळ होईल. दीपगृह बंद झालेलं असेल.”

जोरात घेतली तर खटखटीची लय जाणार होती, आणि वाऱ्यात बाकी काही ऐकू येणार नव्हतं. निरीक्षकांनी काट्याकडे पाहिलं. तो पन्नासवर होता.

“मग उद्या बघू,” ते म्हणाले.

“उद्या?”

“राहू तिथे कुठेतरी. सकाळी उघडेल तेव्हा वर चढू.”

आतापर्यंत प्रत्येक वेळी बाईंनी ‘पुढच्या वर्षी’ हेच ऐकलं होतं. त्यांचा खांद्यावरचा हात निघाला. मागे पर्सची चेन उघडल्यासारखं काहीतरी झालं, आणि परत मिटली. रस्ता एका लांबच लांब सपाटीला लागला. खाली पत्रा खटखटत होता, अगदी बेताल, कुठल्याही मिस्त्रीला लाज वाटावी असा. आणि मग त्या दोन खटांच्या मधल्या जागेत, सीटच्या दांडीवर, आधी चाचपडत आणि मग बिनधास्त, दुसरा आवाज सुरू झाला. नुसत्या बोटाचा आवाज असा येत नाही.

निरीक्षकांनी मागे वळून पाहिलं नाही. त्यांनी हेल्मेटची काच वर केली आणि मान थोडी मागे झुकवली.